ग्रीन बेल्ट आणि आईची लोकर

ग्रीन बेल्ट मिळवायला कंबर लागत नाही, प्रकल्प लागतो, हे मला घरी पुन्हा पुन्हा समजावून सांगावं लागलं. बायकोने आधी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि मग वाढीव मापात मिळतो का, असं विचारलं. आईला वाटलं, मी या वयात हाणामारी शिकायला निघालोय. तिने अडवलं नाही, फक्त चष्मा काढून ठेवत जा म्हणाली. आमच्या समोरच्या दारात एक निवृत्त पोस्टमास्तर राहतात. निवृत्तीनंतरही त्यांनी बटवडा बंद केलेला नाही, फक्त आता ते पत्रांऐवजी आमच्या घरातल्या बातम्या वाटतात. त्यांनी ही बातमी एका दिवसात सगळ्या मजल्यांवर पोचवली. तळमजल्यावरच्या दंतवैद्य बाई, ज्या एरवी मला नमस्कारही करत नाहीत, त्या दुसऱ्या दिवशी मला जिन्यात वाट देताना भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. खोटं कशाला बोला, मला ते आवडलं. मी बरेच दिवस गैरसमज दूर केला नाही.

खरा प्रकार असा होता. मी कुलपांच्या कारखान्यात माल रवानगी विभागात दुय्यम आहे. आमचे विभागप्रमुख निवृत्त होणार होते आणि त्यांच्या खुर्चीकडे बघता बघता माझे केस गेले होते. ती खुर्ची आता मला मिळणार, यात मला तरी शंका नव्हती. पण मोठ्या साहेबांनी जाहीर केलं की नवा विभागप्रमुख प्रक्रिया सुधारणा आणि गुणवत्ता व्यवस्थापन शिकलेला हवा. प्रशिक्षण घ्या, प्रकल्प करा, त्या शिक्षणातला ग्रीन बेल्ट हा दर्जा मिळवा, मग बघू. माझ्याबरोबर प्रशिक्षणाला विभागातला एक तरुण सहकारी बसला. त्याला आम्ही आलेखवाला म्हणतो, कारण तो जेवणाच्या सुट्टीत किती पाणी प्यायलो याचाही आलेख काढतो. पावतीवर शिक्का कुठे मारायचा हे त्याला मी शिकवलं होतं. तो प्रमुख झाला असता तर मला माझ्या रजेचा अर्ज त्याच्यापुढे ठेवावा लागला असता आणि त्याने त्याचाही आलेख काढला असता.

प्रशिक्षण देणारे गृहस्थ बाहेरून आले होते. सडपातळ, टापटीप, खिशात चार रंगांची पेनं. त्यांना सगळे सुधारक म्हणायला लागले. सुधारकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की जगात दोनच गोष्टी आहेत, उपयोगाचं काम आणि अपव्यय. ताटकळणं हा अपव्यय, नको तितकं चालणं हा अपव्यय, एकच वस्तू दोनदा उचलणं हाही अपव्यय. हे ऐकल्यापासून मला चैन पडेना. घरी येऊन मी बायकोला चहा गाळताना बघितलं आणि गाळणं तिने दोनदा उचललं हे तिच्या नजरेला आणून दिलं. तिने ते गाळणं तिसऱ्यांदा उचललं आणि माझ्या हातात दिलं. तेव्हापासून संध्याकाळचा चहा मी करतो.

सुधारकांची दुसरी शिकवण म्हणजे पाच वेळा 'का' विचारायचं. वरवरचं उत्तर घेऊन थांबायचं नाही, खणत खणत मूळ कारणापर्यंत जायचं. बायको शाळेत शिकवते आणि तिला रोज उशीर होतो, म्हणून मी सुरुवात तिच्यापासूनच केली.

"आज उशीर का झाला?"

"आंघोळीला उशिरा गेले."

"का?"

"बाथरूम रिकामं नव्हतं."

"का?"

"तुम्ही होतात आत."

"का?"

"ते तुम्हालाच माहीत. आणि अहो, आता आणखी एकदा का म्हणालात तर आजचा डबा स्वतःचा स्वतः भरायचा."

मी चौथ्या 'का'वर विश्लेषण आटोपतं घेतलं. मूळ कारण हाताशी आलं होतं असं मला वाटत राहिलं, पण डबाही महत्त्वाचा होता.

प्रकल्प कारखान्यातच करावा असं माझ्या मनात होतं. मी गोदामात गेलो, तर गोदामवाले म्हणाले की आमचं सगळं सुरळीत चालू आहे, सुधारणा करून बिघडवू नका. हिशेब विभाग म्हणाला, लेखी परवानगी आणा. परवानगी गुणवत्ता विभाग देतो. तिथल्या बाईंनी मला फार आपुलकीने बसवलं आणि सांगितलं की परवानगीचा नमुना सध्या सुधारणेसाठी मागे घेतलेला आहे. मग सुधारलेला नमुना कधी येईल, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, तो सुधारायलाही परवानगी लागते आणि तिचा नमुना तोच आहे. मी दोन्ही हात जोडून उठलो. आलेखवाल्याने तोवर चहाचे कप वेळेवर न धुतले जाण्यावर प्रकल्प सुरू केला होता. त्याला परवानगी लागली नाही, कारण कपांना विभाग नसतो. हे मला आधी सुचलं नाही याचं दुःख आजही आहे.

शेवटी मी घरचाच प्रकल्प घ्यायचं ठरवलं. विषय, सकाळी सर्वांनी वेळेवर घराबाहेर पडणे. बायको शाळेला, मुलगी कॉलेजला, मी कारखान्यात आणि आई फिरायला. रोज चौघांनाही उशीर, रोज दारात धावपळ, रोज कुणाची तरी छत्री, चष्मा, किल्ली राहिलेली. सुधारकांनी विषय मान्य केला. फक्त या प्रक्रियेचा ग्राहक कोण, असं त्यांनी विचारलं. मी चटकन 'मी' म्हणालो. त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि हिरव्या पेनाने काहीतरी लिहून घेतलं.

घरात सुधारणा सुरू झाल्याचं कळताच पोस्टमास्तर हजर झाले. त्यांच्या मते आमच्या घराचं एकच दुखणं होतं, वर्गवारी नाही. त्यांनी त्यांच्याकडची खणाखणांची एक जुनी लाकडी मांडणी आणून दाराशी ठेवली आणि आमच्या चपलाबुटांची वर्गवारी स्वतः केली. डावी पावलं डाव्या खणांत, उजवी उजव्या खणांत. पद्धत दिसायला फार सुबक होती. पण सकाळच्या घाईत मुलगी एका पायात काळा आणि एका पायात तपकिरी बूट घालून कॉलेजला गेली आणि तिला दिवसभर बाकाखाली पाय लपवून बसावं लागलं. संध्याकाळी ती माझ्याशी बोलली नाही. बायको आधीपासूनच बोलत नव्हती, कारण मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर प्रत्येक झाऱ्याची, पळीची आणि सांडशीची बाह्यरेषा न पुसणाऱ्या शाईने काढून ठेवली होती. वस्तू जागेवर नसेल तर लगेच कळावं, हा त्यामागचा शास्त्रीय हेतू. आता भिंत बघून घरात चोरी झाली असावी असं वाटे. घरात माझ्याशी बोलणारं माणूस एकच उरलं होतं, आई. आणि ती मला लोकर देणार होती.

ही लोकर म्हणजे माझ्या स्वेटरची. आई माझ्यासाठी स्वेटर विणते आहे, हे वाक्य आमच्या घरात फार वर्षं वर्तमानकाळात आहे. ती काखेपर्यंत येते, मला बोलावते, पाठीला लावून बघते, मग सुस्कारा टाकते आणि सगळं उसवते. चूक तिची नाही, माझी पाठ तोवर पुढच्या मापात गेलेली असते. त्यामुळे पिवळी, लाल आणि पांढरी अशा तीन रंगांची लोकर तिच्या पिशवीत कायम असते.

लोकर हवी होती ती सुधारकांच्या सर्वांत आवडत्या तंत्रासाठी. जागेचा नकाशा काढायचा, माणूस कुठून कुठे जातो ते बघायचं आणि त्या वाटेने नकाशावर दोरा टाचत जायचा. शेवटी दोऱ्यांचा गुंता जिथे जास्त, तिथे काम तुंबतं. त्या जागेला ते बॉटलनेक म्हणत. तंत्र चांगलं होतं, पण मला त्यात एक उणीव दिसली. बघणाऱ्याचा डोळा चुकू शकतो. त्यापेक्षा माणसालाच दोरा बांधला तर चूक होणार कुठे? ही कल्पना सुचली तेव्हा मी स्वतःच्या पाठीवर मनातल्या मनात थाप मारली. मी सुधारकांना निमंत्रण दिलं की सकाळी घरी येऊन प्रत्यक्ष मोजणी बघा. त्यांनी ते मोठ्या साहेबांच्या कानावर घातलं आणि साहेब म्हणाले, मीही येतो.

लोकर द्यायला आईने खळखळ केली नाही. अट एकच, कापायची नाही.

त्या सकाळी मी तिन्ही लोकरींची टोकं मुख्य दाराच्या मुठीला बांधली आणि गुंडे तिघींच्या कमरेला लावलेल्या छोट्या पिशव्यांत सोडले. बायकोची पिवळी, मुलीची लाल, आईची पांढरी. चालतील तशी लोकर मागे सुटत जाणार. बायकोने पिशवी बांधताना जी गाठ मारली ती बघून मी एक पाऊल मागे सरलो. मुलीने विचारलं, "बाबा, तुझा रंग कुठला?" निरीक्षकाला रंग नसतो, असं मी तिला समजावलं. निरीक्षकाने एका जागी उभं राहून सगळं बघायचं असतं. मी पॅसेजच्या मधोमध उभा राहिलो. तिथून बाथरूम, स्वयंपाकघर, दोन्ही खोल्या आणि बाहेरचं दार, सगळं दिसतं. शिवाय उजेडही तिथेच बरा असल्यामुळे मी रोज पेपर तिथेच उभा राहून वाचतो आणि महत्त्वाच्या बातम्या सर्वांना मोठ्याने सांगतो. म्हणजे नैसर्गिक परिस्थितीत मी काही ढवळाढवळ केली, असं कोणी म्हणायला नको.

मोजणी सुरू झाली. मी पेपर उघडला. कुठेतरी पाणी वाहत होतं, कुठेतरी कपाटं आपटत होती, आई चष्मा शोधत होती, बायको मुलीला हाक मारत होती. सगळं अगदी रोजच्यासारखं. मी अग्रलेख संपवला आणि पान उलटायला गेलो, तर कोपर वर होईना. उजवं होईना म्हणून डावं वापरायला गेलो, तेही होईना. खाली पाहिलं तर गुडघ्यापासून छातीपर्यंत मला लोकर गुंडाळली गेली होती. जाताना माझ्या डावीकडून, येताना उजवीकडून. तिघीही माझ्याभोवती वळसे घालत होत्या आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

तेवढ्यात बेल वाजली. मी उघडतो म्हणालो आणि जागचा हललो नाही. बायकोने जाऊन दार बाहेर लोटलं. टोकं दाराच्या मुठीला बांधलेली होती हे माझ्या लक्षात येईपर्यंत सगळी लोकर एकदम ताणली गेली, मी दोन्ही पाय जुळवून पॅसेजमधून उड्या मारत पुढे आलो आणि सुधारक, मोठे साहेब आणि त्यांच्या मागून डोकावणारे पोस्टमास्तर यांच्यासमोर पार्सलासारखा उभा राहिलो. पोस्टमास्तरांनी सवयीने मला आपादमस्तक निरखलं. पत्ता शोधत असावेत. मी साहेबांना नमस्कार केला, तो अर्थात मानेनेच.

सुधारकांना मात्र आनंदाचं भरतं आलं. त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं आणि माझ्याभोवती एक फेरी मारली. इतका स्पष्ट नकाशा आपण कुठल्याच कारखान्यात पाहिला नव्हता, असं ते म्हणाले. तिन्ही रंग एकाच जागी, दाट, एकावर एक. साहेबांनी विचारलं की या जागी एरवी काय असतं, खांब वगैरे?

"खांब नाही, हाच असतो," आई म्हणाली. "रोज. लहानपणी रांगायचा तेव्हाही उंबऱ्यातच येऊन बसायचा. पण आहे गुणी."

तो शेवटचा भाग कुणीच लिहून घेतला नाही.

मुलगी कात्री घेऊन आली, पण आईने तिला जागच्या जागी थांबवलं. कापायची नाही, असं ठरलं होतं. मग मला सोडवायचा एकच मार्ग उरला. मुलीने माझे खांदे धरून मला उलट्या दिशेने फिरवायला सुरुवात केली आणि सुटलेली लोकर पिवळी साहेबांनी, लाल सुधारकांनी आणि पांढरी पोस्टमास्तरांनी गुंडाळली. वीस वर्षं ज्या माणसासमोर मी खुर्चीच्या कडेवर बसतो, त्या माणसासमोर मी गरगर फिरत होतो आणि ते मला जरा हळू फिरा म्हणत होते. त्या दिवशी सर्वांनाच फार उशीर झाला, साहेबांनासुद्धा.

आता अहवाल लिहायचा होता. मूळ कारण या रकान्यात मी आधी 'पॅसेजची अपुरी रुंदी' असं लिहिलं. सुधारकांनी अहवाल परत पाठवला. मग मी 'घरातील उजेडाची असमान विभागणी' लिहिलं. तोही परत आला, या वेळी चारही रंगांत अधोरेखित होऊन. मुदत संपत आली होती. आलेखवाल्याचे कप तोवर लखलखीत धुतले जात होते आणि त्याचा अहवाल मंजूर झाला होता. मी जेवणाच्या टेबलाशी पेन उघडं ठेवून बसलो. खरं कारण लिहून दिलं तर बेल्ट मिळेल, पण साहेब जन्मभर हसतील. नाही दिलं तर साहेब हसणार नाहीत, पण माझी रजा आलेखवाला मंजूर करेल. बायको समोर बसून मुलांच्या वह्या तपासत होती. मान वर न करता ती म्हणाली, "पाचवा का विचारायचा राहिला होता ना तुमचा?"

मी लिहिलं, मूळ कारण प्रकल्पप्रमुख. उपाय, प्रकल्पप्रमुखाने सकाळी गॅलरीत बसणे.

उपाय लागू पडला, नको इतका लागू पडला. मी पेपर घेऊन गॅलरीत बसायचो आणि आत सगळं वेळच्या वेळी व्हायचं. बायको घंटेच्या आधी शाळेत पोचायला लागली, तेव्हा शिपायाने तब्येत बरी आहे ना, अशी चौकशी केली म्हणे. मुलीचे दोन्ही बूट एका रंगाचे असायचे. आईला चष्मा सापडायचा. एकेक करून सगळ्या बाहेर पडायच्या, दार लागायचं आणि मी वाऱ्यावर फडफडणारा पेपर धरून एकटाच उरायचो. बातम्या कुणाला सांगायच्या? समोरच्या गॅलरीतले पोस्टमास्तर त्या आधीच वाचून बसलेले असत. खरं सांगतो, मला वाईट वाटलं. आपल्याशिवाय घर इतकं चांगलं चालतं, हे कुणी असं मोजून दाखवू नये.

यथावकाश मोठ्या साहेबांनी बोलावलं. टेबलावर माझा अहवाल उघडा होता. ते म्हणाले, "आपणच अडचण आहोत असं सहीनिशी लिहून देणारा माणूस मला या कारखान्यात आजवर भेटला नव्हता. विभाग तुम्ही सांभाळा." मी आभार मानायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी पुढचं पान उलटलं. "तुमचं टेबल मालाच्या दाराशी आहे ना? ते तिथून उचलू. विभागप्रमुखाला दालन हवंच. जिन्याच्या पलीकडे, टोकाला एक मोकळं आहे."

दालन चांगलं आहे. खिडकी आहे, दार आहे, दारावर माझ्या हुद्द्याची पाटी आहे. आलेखवाला दर आठवड्याला एक आलेख आणून देतो. त्यात टेबल हललं त्या दिवसापासून मालाला होणारा उशीर घसरगुंडीवरून उतरावा तसा उतरलेला दिसतो. तो खाली मान घालून उभा असतो. त्याचा रजेचा अर्ज मात्र माझ्याकडेच येतो, हे समाधान कोणी काढून घेऊ शकत नाही.

बेल्ट म्हणजे प्रत्यक्षात एक जाड कागद निघाला. तो चौकटीत बसवून घरी आणला तेव्हा आईने तो लांबून पाहिला आणि याला कमरेला कसं बांधायचं, असं विचारलं. दुसऱ्या सकाळी मी सवयीने पेपर घेऊन गॅलरीकडे निघालो, तर तिने हाक मारली. पॅसेजच्या तोंडाशी ती लोकरीची पिशवी घेऊन बसली होती. साहेब, सुधारक आणि पोस्टमास्तर यांनी मिळून गुंडाळलेल्या लोकरीचं काय झालं होतं ते सांगण्यात अर्थ नाही. तीन मोठ्या माणसांनी कधी घरात कुणाला मदत केली नसावी, एवढं त्यावरून कळत होतं.

"इथे ये. मधे उभा राहा आणि दोन्ही हात पुढे कर," ती म्हणाली. "गुंता सोडवून लडी घालायच्या आहेत. खुर्चीला घातल्या तर निसटतात."

मी तिला आठवण करून दिली की ही जागा अहवालानुसार रिकामी ठेवायची आहे. सगळ्यांना उशीर होईल.

"तुझा पट्टा आला ना? झालं तर मग."

मी पेपर काखेत मारला आणि हात पुढे केले. आई लोकर माझ्या हातांवर चढवू लागली. बायको स्वयंपाकघरातून डबा घेऊन बाहेर आली, मला बघून थबकली. मी बाजूला व्हायला लागलो, तर तिने माझ्या काखेतला पेपर ओढून घेतला, माझ्या तोंडासमोर धरला आणि म्हणाली, "वाचा. इतके दिवस जगात काय चाललंय तेच कळत नाही." मुलगी माझ्या हाताखालून वाकून पलीकडे गेली, चष्मा विसरलेल्या आजीला चष्मा देऊन पुन्हा वाकून अलीकडे आली आणि तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली. मी पहिल्या पानापासून सुरुवात केली. शाळेची वेळ कधीच टळून गेली होती. कुणाचं घड्याळाकडे लक्ष नव्हतं.

"हलू नकोस," आई म्हणाली.

या कामात माझा हात धरणारा आमच्या घरात दुसरा कोणी नाही. मी हललो नाही.